खदान परदेशात आहे

बाबा, मी हे हातानं लिहून नाई राहिलो, बोलून राहिलो. आता फोनसमोर बोललं की फोन स्वतःच लिहून घेते. पण फोन बहुत शहाणा आहे. मी 'मले' म्हणतो, तो 'मला' लिहिते. मी पुसून परत 'मले' करतो. 'कावून' म्हटलं तर भलतंच काही लिहिते. त्याची पण चूक नाई. मराठी मी शाळेत शिकलोच कुठं, हिंदी मीडियम, अन् तिथं पण मागच्या बेंचवर. घरात तुमी अन् आई बोलत होते तेवढीच माझी मराठी, अन् तुमी गेल्यावर ती पण अर्धी झाली, कारण आई बोलायचीच कमी झाली.

तुमी गेले तेव्हा मी आठवीत होतो. तुमच्या खिशात बटनाचा फोन होता, त्याच्यात तुमी बोलायचे कमी अन् टॉर्च जास्त लावायचे. आता बाजारात येऊन पाहा. गुपचुपवाल्याच्या ठेल्यावर एक डबी असते, अन् पैसे आले की ती डबी बोलते, 'बीस रुपये प्राप्त हुए.' तो मान वर करून पाहात पण नाई कोणी देल्ले ते. हात पुरीच्या पाण्यात, कान डबीकडं. मी एक दिवस काय केलं, डबीचं ते वाक्य माझ्या फोनमध्ये रेकॉर्ड करून घेतलं अन् खाऊन झाल्यावर हळूच वाजवलं. त्यानं मान हलवली, 'हो गया भैया.' मी तिथंच उभा. म्हटलं, 'क्या हो गया?' म्हणे, 'पेमेंट.' म्हटलं, 'मैंने तो दिया ही नहीं.' तो डबीकडं पाहते, माझ्याकडं पाहते, परत डबीकडं पाहते. मग त्याले समजलं, अन् त्यानं मले छत्तीसगढीत जे काही सुनावलं ते ह्या फोनले जन्मात लिहिता नाई येणार. मी पैसे देल्ले, वरून एक प्लेट अजून खाल्ली. दोस्त हसून हसून लोळले. मी पण हसलो, पण घरी येताना हसू कुठं गेलं समजलं नाई. पैसा आता आवाज आहे, बाबा. आवाज आला की माणूस मान हलवते.

तुमच्या वेळचा पैसा जमिनीवर चिकटवता येत होता. आठवते का, क्वार्टरच्या समोर, जिथं तुमी सायकल लावायचे, तिथं मी रुपयाचं नाणं सिमेंटवर चिकटवलं होतं अन् खिडकीत दबा धरून बसलो होतो. दूधवाला वाकला. पोस्टमन वाकला. बाजूचे साहेब स्कूटर थांबवून, इकडंतिकडं पाहून वाकले. मग ड्युटीवरून तुमी आले अन् तुमी पण वाकले. नखानं उकरलं, चपलेनं ठोकलं, सायकलच्या किल्लीनं खरवडलं. माझं हसू फुटलं अन् मी सापडलो. तुमी मारलं नाई. स्वैपाकघरातून उलथनं आणून माझ्या हाती देल्लं, 'काढ.' मी उन्हात बसून ते नाणं खरवडून राहिलो अन् तुमी बाजूले खुर्ची टाकून बसले आहा. तुमी विचारता, 'तुले हसू कशाचं आलं?' मी म्हणतो, 'तुमी वाकले त्याचं.' तुमी म्हणता, 'रुपया दिसला तर माणूस वाकणारच, गधड्या. खरा आहे म्हणून वाकते. खोट्यासाठी कोणी वाकते का?' आता आहे उत्तर, पण ऐकायले तुमी नाई.

मले सांगायचं आहे ते काकाबद्दल. तुमचा एकच तर दोस्त होता. राजहऱ्याले लोखंडाच्या माइन्सच्या ऑफिसात तुमी दोघं एका टेबलावर लागले, मग दोघाची बदली भिलाईले, स्टील प्लांटच्या स्टोअरमध्ये, समोरासमोर क्वार्टर. घरात काहीही निघो, टीव्ही कोणता घ्यायचा, माझं नाव कोणत्या शाळेत टाकायचं, तुमी म्हणायचे, 'तो म्हणते न, मग झालं.' आई वैतागायची. पण खरं सांगतो, काकानं आपलं कधी वाईट केलं नाई. तुमी हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर काका होते. तुमी गेल्यावर प्लांटच्या ऑफिसात आईसोबत चकरा कोणी मारल्या, काकानं. तुमच्या मागं जो पैसा मिळाला तो बँकेत आईच्या नावानं कोणी टाकून देल्ला, काकानं. आई आजपण म्हणते, सख्खा दीर असता तर एवढं केलं नसतं.

एक दिवस तुमी दोघं मले राजहऱ्याले घेऊन गेले. मी लहान होतो, शाळेत नुकताच जायले लागलो असन. गाडीतून उतरतो तर सगळं लाल. रस्ता लाल, झाडं लाल, एक कुत्रं झोपलं होतं ते पण लाल. तुमी मले खांद्यावर घेतलं आहे अन् खाली डोंगर अर्धा कापलेला, त्याच्यात डंपर मुंग्यासारखे फिरून राहिले. काका बोट दाखवतात, 'बाबू, हे लाल दिसते न, हा तुझ्या बाबाचा पगार आहे. हे जमिनीत आहे तोवर भिलाईत चूल पेटते.' मी विचारतो, 'अन् संपलं तर?' तुमी दोघं असे हसता जसं मी 'सूर्य संपला तर' असं विचारलं. घरी आल्यावर आईनं माझे कपडे बुडवले तर बादली लाल झाली. मले वाटलं पगार वाहून चालला, मी रडलो. तुमी दोघाइनं ती गोष्ट कितीतरी दिवस सगळ्या स्टोअरमध्ये सांगतली.

माइन्स. आपल्या लोकाइले हा शब्द असा माहीत आहे. पुढचं सगळं ह्याच शब्दानं केलं.

काका रिटायर झाले. हाती फंडाचा पैसा आला अन् दिवसभर करायले काही नाई. एका रविवारी सकाळी त्याइनं मंडळाच्या हॉलमध्ये मीटिंग ठेवली, जिथं आपला गणपती बसते तिथं. रायपूरहून एक सर आल्ते, फोनमधला कॉइन विकायले. भिलाईचा मे महिना अन् अंगात कोट. मी मागं समोस्याच्या टेबलाजवळ. मी आल्तोच समोस्यासाठी. सर पडद्यावर चित्रं दाखवून म्हणाले, 'रुपया सरकार छापती है, जितना चाहे छाप ले. हमारा कॉइन कोई छाप नहीं सकता. इसकी माइनिंग होती है.'

बाबा, 'माइनिंग' म्हटल्याबरोबर त्या हॉलमध्ये जे झालं ते तुमी पाहायले पाहिजे होतं. जे पेंगत होते ते सरळ बसले. ज्याइनं पाय लांब केले होते त्याइनं ओढून घेतले. नागपुरात लोकाइनं जांभई देल्ली असती. पण हे भिलाई. फर्नेसवरून रिटायर झालेले एक मामा उठले अन् विचारलं, 'ओपन कास्ट है कि अंडरग्राउंड?' सरानं कोटाचं बटन चाचपलं. पण माणूस हुशार. म्हणे, 'अंडरग्राउंड ही समझ लीजिए.' दुसऱ्यानं विचारलं, 'रिज़र्व कितना है?' सर म्हणे, 'रिज़र्व फिक्स है सर. जितना है उतना ही निकलेगा, एक दाना ज़्यादा नहीं.' हॉलमध्ये माना हलल्या. माल कमी म्हणजे भाव चढणार, हे त्याइले कोणी शिकवायची गरज नव्हती. मी मागून ओरडलो, 'सर, मशीन कौन सी लगती है?' म्हणे, 'कंप्यूटर.' म्हटलं, 'कंप्यूटर से खोदते हैं?' सगळे हसले. सरावर नाई, माझ्यावर. काका स्टेजवरून म्हणाले, 'बाबू, आता प्लांटमध्ये पण सगळं कम्प्यूटरवर चालते. तू समोसा खा.'

मग कोणीतरी विचारलं, हे कायद्यात बसते का. सरानं पेपरची कात्रणं काढली. एकात लिहिलं होतं की सरकार अशा कॉइनच्या कमाईवर टॅक्स घेते, दुसऱ्यात लिहिलं होतं की सरकारनं स्वतःचा डिजिटल रुपया काढला. आता मले समजते की हे दोन धंदे एकदम वेगळे. सरकारचा डिजिटल रुपया म्हणजे आपला रुपयाच, कागदाऐवजी फोनमध्ये, मागं सरकार उभं. अन् टॅक्सचं काय, सरकार लॉटरी लागली तरी टॅक्स घेते, म्हणून लॉटरी काय पगार होते का? पण त्या हॉलमध्ये सगळे ते लोक ज्याइचा टॅक्स जन्मभर पगारातूनच कापून आला. ते एकमेकाइले म्हणून राहिले, 'टॅक्स लागते म्हणजे असली आहे. नकली मालावर कोण टॅक्स लावते?' इमानदार माणसाले पटवायचा रस्ता असा सोपा असते. चोराइले हे पटलंच नसतं.

तेव्हा आमी भिलाई-3 मध्ये भाड्यानं होतो, आतापण तिथंच आहो. क्वार्टर तर सोडावंच लागलं. मालगाडी गेली की मांडणीवरचे ग्लास वाजतात. आई एका नर्सिंग होममध्ये रिसेप्शनवर बसते, मी हथखोजले वेल्डिंगच्या कामावर. अन् स्मृति नगरात आईनं एक घर पाहून ठेवलं होतं. दोन खोल्या, मागं जागा, बेलाचं झाड. मालक ओळखीचे, आईसाठी थांबले होते. तुमच्या मागं मिळालेला पैसा अन् आईनं जमवलेलं मिळून थोडं कमी पडत होतं. थोडंच. त्या थोड्यानंच घात केला, बाबा. बहुत कमी पडलं असतं तर ती त्या वाटेले गेलीच नसती.

ती पोळ्या लाटून राहिली अन् मी ओट्यावर बसलो. म्हटलं, 'आई, तू त्याच्यात पैसे टाकणार आहे का?' म्हणे, 'भाऊजी म्हणतात न.' म्हटलं, 'भाऊजीनं जन्मभर स्टोअरमध्ये नटबोल्ट वाटले, त्याइले ह्याच्यातलं काय समजते?' म्हणे, 'अन् तुले समजते? दहावी दोन वेळा देल्ली तू.' म्हटलं, 'म्हणूनच सांगून राहिलो. मले दुसऱ्याले टोपी घालता येते, म्हणून टोपी दुरून ओळखू येते.' तिनं लाटणं थांबवलं. 'तुले सगळं जग तुझ्यासारखं वाटते.' मग म्हणे, 'तुझे बाबा असते तर त्याइनं काय म्हटलं असतं, सांग.' मले माहीत होतं, तिले पण माहीत होतं. तीच बोलली, एकदम तुमच्यासारखी मान वाकडी करून, 'तो म्हणते न, मग झालं.' अन् हसली. तुमी गेल्यानंतर तुमची नक्कल तिनं पहिल्यांदा केली.

आईचा फोन जुना, त्याच्यात ते अ‍ॅप उतरत नव्हतं, म्हणून माझ्या फोनमध्ये टाकलं, अन् घराचा सगळा पैसा त्याच्यात. अन् आकडा चढायले लागला. खरंच चढला, खोटं कावून बोलू. रोज चढायचा. मंडळातले लोक भेटले की राम राम बंद, 'आज किती?' हाच राम राम. कोणी प्लॉट विकला, कोणी पोरीसाठी घेतलेलं सोनं. आमच्या वर्कशॉपचा शेठ नवीन लेथ मशीन घेणार होता, दोन पोरं कामावर ठेवणार होता. त्यानं लेथ रद्द केला अन् पैसे कॉइनमध्ये टाकले. मले म्हणे, 'लेथ क्या महीने भर में डबल होता है?' मी म्हटलं, 'सेठ, लेथ से कुछ बनता है.' म्हणे, 'तू वेल्डिंग कर.' ती दोन पोरं रोज गेटवर येऊन विचारायची, भैया काम खुला क्या.

मग मी माझी बदमाशी केली. मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला, एकदम सेक्रेटरीच्या भाषेत. 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की आपल्या कॉइनची खदान पाहण्यासाठी एक दिवसाची सहल आयोजित केली आहे. डबा सोबत आणावा. हेल्मेट मंडळाकडून मिळेल.' म्हटलं, वाचतीन, हसतीन, अन् हसता हसता कोणाच्या तरी डोक्यात उजेड पडन की अरे, खदान आहे कुठं. पण कोणी हसलंच नाई. खाली नावं यायले लागली. 'आमचे दोन.' 'आमचे तीन, एक लहान मूल.' 'बस एसी आहे का?' फर्नेसवाले मामा म्हणे, 'माझं स्वतःचं हेल्मेट आहे.' मी फोन हातात धरून नावं मोजत बसलो.

मग काकाचा फोन आला. मले वाटलं आता आई-बहिणीवरून सुरू होतीन. म्हणे, 'बाबू, सहल ठरवली अन् मलेच सांगतलं नाई? माझं अन् काकूचं नाव लिही. आईचं मी लिहून टाकलं.' वरून म्हणे, 'चपला चालतीन की बूट लागतीन? राजहऱ्यासारखी धूळ असन तर जुने कपडे घालतो.' बाबा, तोवर मी काकाले चोर समजत होतो. मले वाटायचं, त्याइले सगळं माहीत आहे, कमिशन खाऊन राहिले अन् आमाले बनवून राहिले. चोर असते तर किती बरं झालं असतं. मी म्हटलं, 'काका, मजाक होता. सहल नाई आहे.' म्हणे, 'रद्द झाली का?' म्हटलं, 'खदानच नाई आहे काका. कुठंच नाई. कम्प्यूटर बसून गणितं करते, त्यालेच ते माइनिंग म्हणतात. खोदत कोणीच नाई.' मग काका हळूच म्हणाले, 'मग माल कुठून येते?' म्हटलं, 'माल नाई आहे.' म्हणे, 'असं कसं होईन? माल नाई तर भाव कशाचा?' अन् मग एकदम भडकले, 'तू लहानपणापासून असाच आहे. तुझा बाप पण तुझ्यापुढं हरला.' अन् ठेवून देल्ला.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर काकाचा मेसेज. 'सहलीची सूचना खोडसाळपणे देण्यात आली होती. सरांशी बोलणे झाले आहे. खदान परदेशात आहे. व्हिसा लागतो.' खाली सगळ्याइनं हात जोडलेले टाकले.

थोडे महिने अजून चाललं. मग पैसे काढता येणं बंद झालं. अ‍ॅपवर पट्टी आली, काम चालू आहे, थोडा धीर धरा. रायपूरच्या सराचा फोन आधी बिझी, मग बंद. लोक ऑफिसवर गेले तर तिथं कोचिंग क्लासचा बोर्ड. मग सगळे मिळून पोलीस ठाण्यात गेले, मी पण आईले घेऊन गेलो. तिथल्या साहेबानं विचारलं, 'क्या गया?' फर्नेसवाल्या मामानं फोन काढून दाखवला. साहेबानं पाह्यलं, 'इसमें तो दिख रहा है. गया कहाँ?' मामा म्हणाले, 'दिख रहा है, पर है नहीं.' साहेब म्हणे, 'जो दिख रहा है उसकी चोरी कैसे लिखूँ?' मले हसू आलं, बाबा. आईची शपथ, जोरात हसू आलं, अन् मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं. आई बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती, जशी तुमच्या वेळी हॉस्पिटलमध्ये बसत होती. तिनं विचारलं, 'काय झालं?' म्हटलं, 'कुलूप लागलं आहे, खुलन कधीतरी.' ती म्हणे, 'आता तू पण मले बनवायले लागला?'

काका नंतर घरी आले. ऑटोचे पैसे वाचवायले स्टेशनपासून पायी. शर्ट पाठीले चिकटला होता. लोक त्याइच्या घरासमोर येऊन बोलून गेले होते, एकानं तर खिडकीची काच फोडली. काकाचं स्वतःचं सगळंच्या सगळं त्याच्यात होतं, पण हे कोणी ऐकून घेत नव्हतं. ते आपल्या स्वैपाकघरात स्टुलावर बसले अन् म्हणाले, 'वहिनी, मी फसवलं नाई.' आई म्हणे, 'साखर नाई टाकली, तुमाले शुगर आहे न.' बस, एवढंच. मले राहावलं नाई. म्हटलं, 'काका, व्हिसा मिळाला का?' आईनं माझ्याकडं असं पाह्यलं की मालगाडी नसतानी ग्लास वाजले. काका म्हणाले, 'बोलू द्या त्याले वहिनी. ह्यानं एकट्यानंच विचारलं होतं, खोदतात कशानं.' मग चहाकडं पाहात म्हणे, 'पण बाबू, आपल्यासारख्या लोकाइनं माइनिंग म्हटल्यावर दुसरं काय समजायचं होतं?'

ते गेल्यावर मी आईवर ओरडलो. 'एक शब्द नाई बोलली तू त्याइले. एक शब्द. बाबाचा पैसा होता तो.' ती कप विसळून राहिली. म्हणे, 'काय बोलू? हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसले होते ते वापस करू का त्याइले?'

आपलं गाव पहिले असं नव्हतं, बाबा. पगार झाला की तो दिसायचा. किराण्याच्या दुकानात दिसायचा, कापडाच्या दुकानात, मिठाईवाल्याकडं, सायकल रिपेअरवाल्याकडं. एकाच्या खिशातून गेला तरी गावातच फिरायचा. बुडला तरी माहीत असायचं कोणाकडं बुडला, त्याच्या दारावर जाऊन शिव्या देता यायच्या. अन् हा पैसा, डोंगर फोडून, लोखंड वितळवून लोकाइनं जन्मभर कमावलेला, गावातून गेला अन् एकाही दुकानावरून गेला नाई. कोणाच्याच दारावर त्याचा पत्ता नाई. शेठनं आमच्यातले अर्धे लोक कमी केले. लेथ आलाच नाई. ती दोन पोरं आता गेटवर येत नाई.

अन् राग मले कोणाचा येते माहीत आहे का? सराचा येत नाई, त्याचा धंदाच तो. काकाचा येऊ देत नाई, काका स्वतःच उभे जळाले. राग मले तुमचा येते. तुमी आमच्यासाठी पैसा सोडून गेले, ठीक. पण त्याच्यासोबत तुमी तुमचा भरोसा पण सोडून गेले, अन् तो भरोसा पैशापेक्षा मोठा निघाला, त्यानं पैसा खाल्ला. 'तो म्हणते न, मग झालं.' मेलेल्या माणसाच्या वाक्यावर बँक पण कर्ज देत नाई, अन् आईनं घर देऊन टाकलं. अन् सगळ्यात कडू गोष्ट सांगू? आज तुमी असते तर तुमी वाचवलं नसतं. तुमी काकाच्या बाजूले स्टेजवर उभे असते. तुमी पण विचारलं असतं, रिज़र्व कितना है. तुमी पण व्हिसावर विश्वास ठेवला असता, अन् लोकाइनं आपली पण खिडकी फोडली असती, अन् मी आज तुमच्यासमोर बसून हेच सगळं तुमाले ऐकवलं असतं अन् तुमी मान खाली घालून चहा पिला असता. मी बहुत प्रयत्न केला तुमाले त्या हॉलमध्ये मागं, माझ्या बाजूले उभं करायचा. तुमी येतच नाई. तुमी स्टेजकडंच जाता.

स्मृति नगरच्या घरात दुसरे लोक आले. मालकानं आईले फोन करून सांगतलं, बिचारे रडले पण. आईनं त्याइचीच समजूत काढली. आता ती त्या रस्त्यानं जात नाई, ऑटोवाल्याले लांबून घ्यायले लावते अन् पैसे जास्त देते. मले म्हणते, तिकडं रस्ता खराब आहे. रस्ता एकदम नवीन आहे.

हे मी कोणाले पाठवून नाई राहिलो. आईले वाचायले देल्लं तर ती तुमच्या बाजूनं बोलन, अन् मले ते ऐकायचं नाई.

एक गोष्ट मात्र तुमालेच सांगता येते. ते अ‍ॅप मी फोनमधून काढलं नाई. त्याच्यातून पैसा निघत नाई, पण आकडा अजून हलते, कोण हलवते देव जाणे. रोज कामावर जायच्या आधी मी उघडून पाहतो. मले माहीत आहे, तिथं काही नाई. काल आकडा वाढला होता. स्मृति नगरचं ते घर येऊन वर पैसे उरतीन एवढा. अन् काल दिवसभर वेल्डिंग करतानी मी मस्त शिटी वाजवून राहिलो होतो.